फायरवॉल विचारते, आपण काय सांगायचे?

पावसाळी अंकातल्या या सदरात मी एक वाक्य सहज लिहून गेलो होतो. फायरवॉल म्हणजे संगणक आणि इंटरनेट यांच्यातल्या ये-जावर पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर; घरच्या संगणकाला विंडोजबरोबर येणारी फायरवॉल पुरेशी असते, वेगळी विकत घेण्याची गरज सहसा पडत नाही, असे ते वाक्य. त्यावर इतकी पत्रे आली की या खेपेचे सदर त्यांनाच द्यावे लागले. काहींनी दुजोरा दिला आहे, काहींनी आपापल्या फायरवॉलचा राग माझ्यावर काढला आहे आणि वास्कोच्या एका वाचकाने माझी चूक मुद्देसूद दाखवून दिली आहे. त्यांचे पत्र शेवटी घेतले आहे, कारण त्याला उत्तर देताना मलाच थोडे मागे सरावे लागणार आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. दुकानदाराच्या सल्ल्याने अँटिव्हायरसबरोबर येणारी फायरवॉल घेतली. तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने एक चौकट येते आणि अमुक प्रोग्रामला इंटरनेट वापरू द्यायचे का, असे विचारते. नावे अशी की एकही ओळखीचे नाही. सुरुवातीला भीतीने मी प्रत्येक वेळी ‘नको’ म्हटले, तर दोन दिवसांत इंटरनेटच बंद पडले. दुकानातल्या मुलाने येऊन सर्व काही पूर्ववत केले आणि ‘आता सगळ्याला हो म्हणा’ असे सांगून गेला. मी आता सगळ्याला हो म्हणते. मग ही फायरवॉल घेऊन मी काय मिळवले?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘फारसे काही नाही’ असे आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जाणकार लागतो, तो प्रश्न त्या सॉफ्टवेअरने तुमच्यावर ढकलला आहे. गावच्या शिवेवरचा राखणदार येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाटसरूबद्दल विचारायला आपल्या दारात येऊन उभा राहत नाही. तसा राहिला असता, तर चार दिवसांत गावाने त्याला ‘तूच काय ते बघ’ असे सांगितले असते. तुम्ही नेमके तेच केलेत.

ही विचारण्याची पद्धत कुठून आली ते थोडक्यात सांगतो, म्हणजे राग योग्य ठिकाणी जाईल. वीसेक वर्षांपूर्वी घरचा संगणक मोडेमने थेट इंटरनेटला जोडलेला असे आणि मध्ये राउटर नसे. विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासून एक साधी फायरवॉल होती, पण ती बंद अवस्थेत येत असे आणि बहुतेकांना ती असल्याचा पत्ताही नव्हता. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, पसरला, तो कोणी काही उघडले किंवा डाउनलोड केले म्हणून नव्हे, तर संगणक नुसता इंटरनेटवर होता आणि त्याचे १३५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याचे एक दार, बाहेरून गाठता येत होते म्हणून. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ही फायरवॉल मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. तोपर्यंतच्या काळात झोनअलार्मसारख्या वेगळ्या फायरवॉल लोकप्रिय झाल्या होत्या, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामविषयी मालकाला विचारायचे, ही रीत त्यांनी रुजवली. तेव्हा संगणकावर इंटरनेट वापरणारे प्रोग्राम पाच-सहा असत, त्यामुळे विचारणे सोसण्यासारखे होते. आज घड्याळापासून प्रिंटरपर्यंत सगळेच बाहेर जाते. तुम्हाला न ओळखता आलेल्या नावांपैकी ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव बहुधा असणारच. ती विंडोजच्या अनेक अंतर्गत सेवांची एकत्र वाहक असते, आणि तिला ‘नको’ म्हटले की संकेतस्थळांची नावे शोधण्यापासून विंडोज अपडेटपर्यंत बरेच काही थांबू शकते. तुमचे इंटरनेट दोन दिवसांत बंद पडले ते बहुधा यामुळेच.

आता एक फरक ध्यानात घ्या, कारण पुढच्या पत्रांतही तो लागेल. बाहेरून न बोलावता आत येऊ पाहणारे, आणि आतून बाहेर जाणारे, अशा दोन वाटा असतात. पहिल्या वाटेवर पहारा ठेवणे हे फायरवॉलचे मूळ काम. तुम्ही स्वतः एखादे संकेतस्थळ उघडलेत तर त्याचे उत्तर आत येऊ द्यायचे, आणि कोणी न विचारताच दार ठोठावले तर उघडायचे नाही. हे काम तिला तुम्हाला काहीही न विचारता करता येते. विंडोजची फायरवॉल हेच करते. बाहेर जाणाऱ्याला ती सहसा अडवत नाही, म्हणूनच ती गप्प असते. गप्प आहे म्हणजे झोपली आहे, असा समज करून देऊन पुष्कळ पेट्या विकल्या गेल्या आहेत.

तुम्ही करायचे ते एवढेच. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिक’ किंवा त्या अर्थाची अवस्था असते, ती निवडा, म्हणजे ओळखीच्या प्रोग्रामांविषयी ते स्वतः निर्णय घेईल. तरीही चौकटी थांबल्या नाहीत, तर त्यातील फायरवॉलचा भाग काढून टाका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अँटिव्हायरस ठेवून तेवढा भाग काढता येतो. मात्र काढल्यानंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ या पानावर विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू झाली आहे, याची खात्री करा. दोन्ही एकाच वेळी चालवून दुप्पट सुरक्षा मिळत नाही, दुप्पट घोटाळा मिळतो. तुमच्याकडे ‘सगळ्याला हो’ म्हणून जमलेली जुन्या नियमांची यादी असेल, तीही एकदा पूर्ण पुसा. घाईत दिलेला होकार तिथे कायमचा लिहिलेला असतो.

प्रश्न : आमचे हिशेबनिसाचे छोटे कार्यालय आहे. तीन संगणक आणि एक प्रिंटर. हिशेबाचा मुख्य डेटा एका संगणकावर असतो आणि बाकीचे दोन त्याला जोडले जातात. जूनमधल्या पहिल्या गडगडाटात राउटर जळला. नवा बसवला आणि त्या दिवसापासून मुख्य संगणक इतरांना दिसेनासा झाला, प्रिंटरही. तंत्रज्ञाने तिन्ही संगणकांची फायरवॉल बंद केली, दहा मिनिटांत सगळे सुरू झाले आणि तो पैसे घेऊन गेला. काम छान चालले आहे, पण मनात खटकते. असेच चालू ठेवले तर काय बिघडेल?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : खटकते ते योग्यच आहे. तुमच्या पत्रात बिघाडाचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे, फक्त ते तंत्रज्ञाने ऐकले नाही. राउटर बदलला.

विंडोज प्रत्येक नेटवर्क ओळखून ठेवते, आणि त्या ओळखीत राउटरच्या हार्डवेअर पत्त्याचा वाटा मोठा असतो. राउटर बदलला की तारा त्याच, टेबल तेच, माणसे तीच, पण विंडोजच्या लेखी हे नवे, अनोळखी नेटवर्क ठरते. अनोळखी नेटवर्कला ते ‘पब्लिक’ म्हणजे सार्वजनिक मानते, जणू तुम्ही कार्यालय उचलून विमानतळाच्या प्रतीक्षागृहात नेले आहे. अशा ठिकाणी आपला संगणक इतरांना दिसू नये, फाइली वाटल्या जाऊ नयेत, प्रिंटर शोधला जाऊ नये, हेच अपेक्षित असते. म्हणजे तुमची फायरवॉल बिघडली नव्हती. तिला आपण कुठे आहोत ते चुकीचे कळले होते, आणि त्या चुकीच्या माहितीवर ती अगदी बरोबर वागत होती.

उपाय असा. तिन्ही संगणकांची फायरवॉल आधी पुन्हा चालू करा. मग प्रत्येकावर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून चालू जोडणीच्या गुणधर्मांत ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ निवडा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा प्रश्न इथेच संपतो. पहिल्या पावसानंतरच्या पंधरवड्यात पणजीतल्या माझ्या दुकानात येणाऱ्या ‘प्रिंटर दिसत नाही’ या तक्रारींचा तर हा ठरलेला हंगामच असतो.

एवढ्याने काम झाले नाही, तर दुसरे कारण पाहा. ते फारसे कोणाला ठाऊक नसते. एखादा प्रोग्राम बाहेरून येणारी जोडणी स्वीकारण्यासाठी प्रथमच तयार होतो, तेव्हा विंडोज एक चौकट दाखवून परवानगी विचारते. कामाच्या गर्दीत कोणीतरी ती ‘कॅन्सल’ करते. आपल्याला वाटते की निर्णय पुढे ढकलला. प्रत्यक्षात त्या क्षणी त्या प्रोग्रामला अडवणारे नियम लिहिले जातात, बहुधा दोन, कारण माहिती पाठवण्याच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती आहेत, त्या प्रत्येकीसाठी एक. पुढे खरी मेख आहे. नंतर तुम्ही त्याच प्रोग्रामला परवानगी देणारा नियम जोडलात, तरी अडवणारा नियम वरचढ ठरतो. माणूस परवानगीमागून परवानगी देत राहतो आणि जोडणी काही होत नाही. मग वैतागून ‘फायरवॉलच बंद करून टाक’ येथवर गाडी येते. मी स्वतः एकदा एका कार्यालयात अख्खी दुपार नवे नियम लिहिण्यात घालवली आहे, आणि संध्याकाळी यादी खालपर्यंत सरकवली तेव्हा त्या प्रोग्रामाच्या नावापुढची लाल खूण दिसली. त्या दुपारचे पैसे मागण्याचे धाडस मला झाले नाही.

तेव्हा मुख्य संगणकावर, आणि फक्त त्याच संगणकावर, स्टार्ट मेनूत ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ असे शोधा, ‘इनबाउंड रूल्स’ उघडा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नावाचे लाल खुणेचे नियम असतील तर ते काढून टाका आणि एकच नवा परवानगीचा नियम करा. तो नियम ‘प्रायव्हेट’पुरता ठेवा आणि त्याच्या ‘स्कोप’मध्ये पलीकडचा पत्ता ‘लोकल सबनेट’ एवढाच निवडा, म्हणजे तुमच्याच नेटवर्कवरच्या संगणकांना तो लागू होईल, इतरांना नाही. सॉफ्टवेअर कोणते पोर्ट वापरते हे त्याच्याच सेटिंग्जमध्ये लिहिलेले असते. उरलेले दोन संगणक फक्त बाहेर जाणारी जोडणी करतात, त्यांच्यावर काही करावे लागत नाही. त्या तंत्रज्ञाने तिन्हींची फायरवॉल बंद केली, त्यांतल्या दोन तर निष्कारण.

फायरवॉल बंद करून पाहणे ही चाचणी म्हणून वाईट नाही. दोन मिनिटे बंद करावी, काम होते का पाहावे, लगेच चालू करावी. काम झाले तर दोष नियमांत आहे, नाही झाले तर फायरवॉलला उगाच बोल लावू नये. दुखणे चाचणीत नाही, चाचणीलाच उपचार समजून निघून जाण्यात आहे. काही जण त्याही पुढे जाऊन फायरवॉलची मूळ सेवाच थांबवतात. ते कधीही करू नये. फायरवॉल ‘बंद’ करणे आणि तिची सेवा थांबवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा थांबवली की स्टार्ट मेनू न उघडणे, स्टोअरमधली ॲप न बसणे, अशी कोणाला सुचणारही नाहीत अशी दुखणी मागे लागू शकतात.

असेच चालू ठेवले तर काय बिघडेल, हे तुम्ही विचारले आहे. राउटर बाहेरच्यांना अडवतोच, मग आतल्या आत भीती कसली, असे तो तंत्रज्ञ म्हणाला असेल. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म जगभर पसरला, तो ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्याच्या वाटेवरून. त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलेला नव्हता. अशा कार्यालयांत एक संगणक बाधित झाला की तो शेजारच्यांना स्वतःच गाठत असे, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये राउटर आडवा येत नाही. येथे खरे सांगायला हवे की फाइली वाटण्यासाठी तुम्ही हेच पोर्ट मुद्दाम खुले ठेवले असेल, तर ज्या संगणकावर ते खुले आहे त्याला फायरवॉल वाचवणार नाही, अपडेटच वाचवेल. पण उरलेल्या दोन संगणकांवर ते खुले असण्याचे काही कारण नाही, आणि एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी तीनांपैकी दोन संगणक वाचणे हा हिशेबनिसाच्या कार्यालयात मोठाच फरक असतो.

जाता जाता एक सांगतो. विवरणपत्र भरताना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखे ते छोटे उपकरण, ओळखले जात नाही, अशी तक्रार तुमच्याच व्यवसायातल्या आणखी दोघांनी कळवली आहे. स्वाक्षरी करणारा छोटा प्रोग्राम आणि ब्राउझर हे एकाच संगणकाच्या आत, १२७.०.०.१ या पत्त्यावर एकमेकांशी बोलत असतात. विंडोजची फायरवॉल त्यांच्या मध्ये सहसा पडत नाही. पण काही सुरक्षा सॉफ्टवेअर ब्राउझरची कूटबद्ध देवाणघेवाण तपासण्यासाठी स्वतः मध्ये बसतात आणि हे संभाषण तोडतात. तेथे त्या तपासणीतून त्या पत्त्याला वगळावे. फायरवॉल बंद करून काही उपयोग होणार नाही.

प्रश्न : संगणकावर अचानक लाल पडदा आला, भोंगा वाजू लागला आणि ‘तुमची फायरवॉल तुटली आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असे इंग्रजीत लिहून आले. मुलगा परदेशी असतो, घरी आम्ही दोघेच. फोन केला नाही, संगणकाची तार उपटली. बरोबर केले का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : अगदी बरोबर केलेत. कोणतीही खरी फायरवॉल भोंगा वाजवून फोन क्रमांक देत नाही. ते ब्राउझरमध्ये उघडलेले एक साधे संकेतस्थळ होते, पडदाभर पसरलेले. पुन्हा आले तर आल्ट आणि एफ४ ही बटणे एकत्र दाबून ब्राउझर बंद करा. नाही झाले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून तो बंद करा. पुन्हा सुरू करताना ‘मागची पाने उघडू का’ असे ब्राउझरने विचारले, तर नाही म्हणा. हा एक प्रश्न असा आहे, ज्याला डोळे मिटून ‘नको’ म्हणता येते.

तुमच्या ओळखीत कोणी असा फोन केलाच असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप बसवले असेल, तर त्याला फायरवॉल काहीही करू शकत नाही, कारण दार आतून उघडलेले असते. अशा वेळी प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रश्न : आमच्या घराच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, त्यामुळे पासपोर्टच्या प्रती आमच्या संगणकावर असतात. पाहुणे आणि आम्ही एकच वाय-फाय वापरतो. फायरवॉल चालू आहे. पुरेसे आहे का?
— एक वाचक, मोरजी

उत्तर : मडगावच्या वाचकांना मी ‘प्रायव्हेट’ करा म्हणालो, तुम्हाला नेमके उलट सांगतो. तुमचे घर तुमचे असले, तरी तुमचे वाय-फाय सार्वजनिक आहे. मोसमात दर आठवड्याला नव्या माणसांचे फोन आणि लॅपटॉप त्यावर येतात, आणि त्यांतल्या एखाद्यात काय दडले आहे हे त्या पाहुण्यालाही ठाऊक नसते. तेव्हा तुमच्या संगणकावर ते नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवा आणि फाइल शेअरिंग बंद करा.

पण खरे काम राउटरमध्ये आहे. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. ती चालू करून तिला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, पाहुण्यांना तोच सांगा आणि तुमचा स्वतःचा पासवर्ड बदला, कारण आधीचा आतापर्यंत बऱ्याच देशांत पोहोचला असेल. गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना घरातले मुख्य नेटवर्क दिसू न देण्याचा पर्याय तिथेच असतो, तोही तपासा. राउटरच्या सेटिंग्जचा मूळ पासवर्ड अजून पेटीवर छापलेला तोच असेल, तर आज संध्याकाळीच बदला. आणि पाहुणा गेल्यावर, जी प्रत जपून ठेवणे तुम्हाला बंधनकारक नसेल ती संगणकावरून काढून टाका. नसलेली फाइल चोरीला जात नाही.

प्रश्न : विंडोज ७ चा जुना संगणक आहे. फायरवॉल चालू, अँटिव्हायरस चालू. मग इंटरनेट वापरायला हरकत काय?
— एक वाचक, साखळी

उत्तर : हरकत आहे. विंडोज ७ साठीची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. फायरवॉल न बोलावलेल्याला अडवते, पण ब्राउझरमधून आपण स्वतः बोलावलेल्या पानाला ती कशी अडवणार? जुने दस्तऐवज, भजनांचा संग्रह, छपाई यांसाठी तो खुशाल वापरा, इंटरनेटची तार काढून. विंडोज १० वापरणाऱ्यांनीही आपले दिवस मोजावेत. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

प्रश्न : आपण लिहिलेत की वेगळी फायरवॉल लागत नाही. मी असहमत आहे. मी जहाजावर अभियंता होतो. जहाजावर ए-६० दर्जाची अग्निरोधक भिंत असते, ती आग तासभर पलीकडे जाऊ देत नाही. तिच्यात दार असेल तर तेही तितकेच सोसणारे हवे, आणि ते आकडा लावून उघडे ठेवायला सक्त मनाई. मी पंधरा वर्षे वेगळी फायरवॉल वापरतो आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला स्वतः परवानगी देतो. फाइलींचे रूपांतर करणारा एक फुकटचा प्रोग्राम काही कारण नसताना दर तासाला बाहेर जोडणी करत होता, हे मला तिच्यामुळेच कळले. विंडोजच्या फायरवॉलने ते कधीच सांगितले नसते. मात्र कबूल करतो की एका अपडेटनंतर इंटरनेट दोन दिवस बंद पडले होते, आणि माझी पत्नी त्या संगणकाला हात लावत नाही.
— एक वाचक, वास्को

उत्तर : आपला मुख्य मुद्दा मला मान्य आहे. ‘सहसा’ हा शब्द मी वापरला होता, पण त्या ‘सहसा’च्या बाहेर कोण येतात हे लिहायला हवे होते. आपण त्यांतले आहात. बाहेर जाणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवणारी फायरवॉल, तिच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर विचार करून देणाऱ्याच्या हाती, खरोखर उपयोगी असते. फुकटचे प्रोग्राम पाठीमागे काय पाठवतात हे कळण्याचा घरबसल्या मिळणारा तो एक चांगला मार्ग आहे. ज्यांचा डेटा मोजून मिळतो, त्यांनाही तो उपयोगी पडतो.

तरी दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पहिली अशी, की बाहेर जाणाऱ्याला अडवणे ही जहाजाच्या भिंतीइतकी भरवशाची गोष्ट नाही. आग भिंतीला फसवत नाही, प्रोग्राम फसवतो. परवानगी असलेल्या प्रोग्रामाचा मुखवटा घालून बाहेर पडता येते, हे अमेरिकेतले संगणक-सुरक्षातज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी २००० सालीच ‘लीकटेस्ट’ या छोट्या चाचणीने दाखवले होते. त्यानंतर फायरवॉल सुधारल्या, फसवण्याच्या युक्त्याही सुधारल्या. आपल्या ब्राउझरला आपण परवानगी दिलेलीच आहे, आणि ब्राउझरच्या आडून जाणारे त्याच्याच नावावर जाते. आपण पकडलात तो प्रोग्राम आगाऊ होता, पण लबाड नव्हता. लबाड असता तर आपले खरे नाव सांगून परवानगी मागायला आला नसता.

दुसरी गोष्ट आपल्या दोन दिवसांविषयी. फायरवॉल हे देखील एक सॉफ्टवेअरच आहे, आणि विंडोजच्या इतक्या खोल थरात बसलेले, की दोघांपैकी एक जरा हलले की दुसऱ्याला धक्का बसतो. जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने संकेतस्थळांच्या नावांच्या शोधव्यवस्थेतला एक गंभीर दोष दूर करणारे अपडेट दिले. त्यात विचारणा कोणत्या पोर्टवरून बाहेर जाते, ते दर वेळी बदलू लागले. झोनअलार्मला हा बदल ओळखता आला नाही आणि ती वापरणाऱ्या अनेकांचे इंटरनेट एका रात्रीत बंद पडले, पुढे त्यांनी सुधारित आवृत्ती काढली. त्याहून कडू उदाहरण मार्च २००४ चे आहे. विटी नावाचा वर्म पसरला, तो ब्लॅकआइस या फायरवॉलमधल्याच एका दोषातून. दोष जाहीर झाल्यापासून दोन दिवसांच्या आत सुमारे १२,००० संगणक त्याने गाठले आणि तो त्यांच्या डिस्कवरचा मजकूर जिथेतिथे खरडत सुटला. ज्यांनी फायरवॉल बसवली नव्हती, त्यांना तो झालाच नाही. भिंत जितकी जाड आणि गुंतागुंतीची, तितकी तिच्यातही भेग असू शकते, हे अभियंत्याला मी काय सांगावे.

आपण आपली फायरवॉल ठेवा. फक्त तिच्या सेटिंग्जमध्ये नियम बाहेर काढून साठवण्याची सोय असेल, तर पंधरा वर्षांची ती यादी एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, म्हणजे पुढच्या अपडेटनंतर दोन दिवस जाणार नाहीत. विंडोज व्हिस्टापासून विंडोजच्या पोटातच छाननीची यंत्रणा आहे, आणि तिचाच वापर करून वर केवळ विचारणा आणि याद्या दाखवणारी छोटी, फुकट साधनेही मिळतात. विंडोजच्या खोल थरात स्वतःचा वेगळा भाग (ड्रायव्हर) टाकणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा अपडेटशी त्यांचे खटके कमी उडतात. जमल्यास एखादे वापरून पाहा. आणि घरात दुसरा संगणक असेल, तर तो पत्नीच्या हाती सोपवा आणि त्यावर विंडोजची गप्प बसणारी फायरवॉल तशीच राहू द्या. त्यांना विचारल्याखेरीज तिथे काही बसवू नका.